विनीचं चमकणारं आभाळ

प्रिय रोशेल,

अक्षर वेडंवाकडं आलंय, त्यावर काही बोलू नकोस. शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली आणि त्यानंतर लिहिलं ते वाणसामानाच्या यादीपुरतं. त्यात आज हातही हलतोय, त्याचं कारण शेवटी कळेल. पत्र मधेच टाकू नकोस. रविवारी तू फोनवर म्हणालीस ना, विनीचं पोट तीन आठवडे दुखतंय, शी धड होत नाही, उगाच रडते, आणि डॉक्टर म्हणतात नव्या बालवाडीचा ताण असेल. रोशेल, मला नाही वाटत ते बालवाडीचं आहे. मला वाटतं ते माझ्यामुळे झालंय.

नीट सांगते, नाहीतर तुला कळणार नाही. तुझे बाबा गेल्यावर मी मागची धुण्याची खोली रिकामी केली, ते तुला माहीत आहे. त्यांचे खाणीतले कपडे मी तिथे वेगळे धुवायची, घरातल्या कपड्यांत कधी मिसळले नाहीत. तेवढी अक्कल मला होती. तिथे टेबल टाकलं, जुना दरवाजा आडवा करून त्यावर कागद पसरले आणि रंगवायला लागले. आपल्या गावात दर तिसरा म्हातारा लाल माती आणि एक निलगिरीचं झाड काढून पाहुण्यांना विकतो. मला तसलं येत नाही आणि आवडतही नाही. मी आपली काहीही करून बघते. बिटाचं पाणी, गंजलेल्या बादलीतला गंज, चहाचा चोथा, कोंबड्यांची पिसं. दाराची माश्या अडवायची जाळी रंगात बुडवून कागदावर दाबली की काय सुंदर खवले उमटतात. शेजारच्या मर्लने पहिलं चित्र बघितलं आणि म्हणाली, "ग्लेनिस, कोंबडीला अपघात झाला का गं?" मी म्हटलं, "हो, आणि गाडी तूच चालवत होतीस." पण खरं सांगते, टेरी गेल्यानंतर त्या खोलीत मी पहिल्यांदा मोठ्याने हसले.

जुलैच्या सुट्टीत तू विनीला माझ्याकडे सोडलंस. अकरा दिवस. फ्रिजवर यादी चिकटवलीस. जेवायच्या आधी हात, बाहेरचे बूट बाहेर, फरशी कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्यानेच पुसायची, अंगणात खणायचं नाही. मी यादी वाचून हसले. म्हटलं, आम्ही सगळे ही धूळ खाऊनच मोठे झालो, बघ आमच्याकडे. तू म्हणालीस, "बघतेय ना मम, म्हणूनच यादी लावली." मला राग आला होता. तू पोटुशी असताना अ‍ॅडलेडला राहायला गेलीस ते याच धुळीला भिऊन, आणि मला तो आपल्या घराचा अपमान वाटला होता. पण यादी मी पाळली, रोशेल. एकूण एक ओळ पाळली. त्या पोरीचे हात इतक्या वेळा धुतले की ती म्हणाली, "नॅन, माझे हात आता संपतील." खिडक्यांच्या चौकटीसुद्धा मी रोज पुसत होते.

आणि मग तिला मागच्या खोलीत नेलं. काय मजा केली आम्ही. बटाटे कुस्करायच्या चमच्याने तिने मेंढ्या काढल्या. गोट्या रंगात बुडवून ताटात फिरवल्या, त्याचा तिने म्हणे रेल्वेचा रूळ केला. एक दिवस कोंबडीलाच निळ्या रंगात उभं केलं, ती कागदावरून चालत थेट मर्लच्या वाळत घातलेल्या चादरीपर्यंत गेली. मर्ल कुंपणावरून ओरडली, "तुमच्या घरात मोठं माणूस कोण आहे?" विनीने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी विनीकडे.

आठव्या दिवशी तिने रात्रीचं आभाळ काढलं. सगळं काळंनिळं. मग खट्टू होऊन बसली. "नॅन, हे चमकत नाही. तुमच्याकडचं आभाळ चमकतं." मी साखर टाकून बघितली, मीठ टाकून बघितलं, अंड्याची कवचं कुटून टाकली. नाही चमकलं. मग माझी नजर बैठकीच्या फळीवरच्या दगडावर गेली. तू जन्मलीस त्या दिवशी टेरीने जेवणाच्या डब्यात घालून खाणीतून वर आणलेला तो दगड. करड्या रुपेरी चौकोनांचा. लहानपणी तू त्याला आरशांचं घर म्हणायचीस. एकतीस वर्षं तो तिथे बसलाय, दर शनिवारी मी त्याला पुसते. आपल्या रस्त्यावर एक घर दाखव ज्यात असा दगड नाही.

मी त्याचा एक कोपरा हातोडीने फोडला. तू नाताळला पाठवलेला खलबत्ता होता, मसाले कुटायला, मी कधी वापरला नव्हता. त्यात कुटला. विनीने पण कुटला, दोन्ही हातांनी, जीभ बाहेर काढून. बारीक करडी पूड झाली, बोटाला लागली की चांदीसारखी दिसायची. अंड्याच्या बलकात कालवली आणि तिने तारे काढले. टोकदार येईनात. तेव्हा मी तिला शिकवलं. मी स्वतः जसं करते तसं. ब्रश ओठांत धरायचा, ओला करायचा, टोक काढायचं. ती म्हणाली, "चव नाही काही." मी म्हटलं, "ताऱ्यांना कसली चव." तीन दिवस तिने तारे काढले, रोशेल. दर ताऱ्याला ओठांतून टोक काढून.

दगडात शिसं आहे हे मला माहीत होतं. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण शिसं म्हणजे आमच्या डोक्यात धूळ. वाऱ्याने येणारी, छतावर बसणारी, बुटांना लागून येणारी. त्या धुळीच्या मागे मी अकरा दिवस फडकं घेऊन फिरले, आणि फळीवरचा दगड माझ्या लेखी घरातलाच माणूस होता. मी तो हाताने कुटून धूळ केली, आणि ती धूळ आहे हे मला दिसलं नाही.

सोमवारी मर्ल अंडी मागायला आली. खिडकीत जॅमच्या बाटलीत उरलेली पूड होती. "हे काय गं?" म्हणाली. मी सगळी गंमत सांगितली, ब्रशाचीसुद्धा. ती हसेल असं वाटलं होतं. तिने बाटली खाली ठेवली, हात फ्रॉकला पुसले, मग तो फ्रॉकच झटकायला लागली. "ग्लेन, पोरीची तपासणी केली का?" एवढंच. अंडी न घेताच गेली. आदल्या दिवशीचा तुझा फोन मला तेव्हा आठवला. मी तिथेच बादलीवर बसले.

आता दुसरं सांगते, ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. तुझा भाऊ शेन तीन वर्षांचा असताना दवाखान्यातून त्याच्या रक्तातल्या शिशाचा आकडा आला होता, जास्तीचा. नर्स घरी आली, गोरीपान, शहरातली, हातात कागद. तिने माझ्या फरशीकडे बघितलं. मला वाटलं ही मला घाणेरडी म्हणतेय. मी तिला फाटकातूनच परत पाठवलं आणि टेरीला सांगितलं, सगळं ठीक आहे. तो कागद बिस्किटांच्या डब्यात तळाशी ठेवला. मग शेन वाचायला शिकेना, एका जागी बसेना, आणि सगळे म्हणाले टेरीवर गेलाय, डोकं जाड. तूही म्हणायचीस. मीही तुमच्याबरोबर म्हणायची. ते त्या आकड्यामुळेच झालं का, मला माहीत नाही. कोणाला विचारायची हिंमत झाली नाही. पण मी त्याला कधी पुन्हा तपासायला नेलं नाही, एवढं मला माहीत आहे. त्याला मी तोंडाने सांगणार आहे. तो ट्रक घेऊन घरी येईल तेव्हा.

काल मी तुला तीनदा फोन केला. पहिल्यांदा हवेबद्दल बोलले. दुसऱ्यांदा कोंबड्यांबद्दल. तिसऱ्यांदा म्हटलं, विनीच्या खाटेवरचं ते आभाळाचं चित्र काढून ठेव, खिळा कच्चा असेल. तू हसलीस. म्हणालीस, "मम, खिळा डेवने ठोकलाय, घर पडेल पण चित्र पडणार नाही. आणि ते काढलं तर ती झोपायचीच नाही. रोज ताऱ्यांवरून बोट फिरवते आणि मग तेच बोट चोखत झोपते." माझ्या हातातून फोन पडला, आणि तुला वाटलं असेल लाइन गेली. मी परत केला नाही. मला आवाज फुटला नाही, रोशेल. आयुष्यभर मी सगळ्यांना तोंडावर बोलत आले आणि त्या एका वाक्याला माझं तोंड उघडलं नाही. त्यामुळे आणखी एक रात्र ते बोट तिच्या तोंडात गेलं. याची शिक्षा तू देशील ती.

सकाळी मी तुमच्या वस्तीतल्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या बाईला सगळं सांगितलं. परक्या माणसाशी बोलता आलं, बघ. ती मला ओरडली नाही, तेच जास्त लागलं. आज पावणेपाचची वेळ दिली आहे, विनीच्या नावाने, रक्त काढायला. मग मी बसमध्ये चढले. अक्षर हलतंय ते बसमुळे, आणि थोडं माझ्यामुळे. पायाशी पिशवी आहे, त्यात घट्ट बंद डब्यात ती पूड, खलबत्ता, तिचा ब्रश, आणि शेनचा कागद. डॉक्टरांना दाखवायला. चार वाजता मी तुझ्या फाटकाशी उभी असेन आणि हे पत्र तुझ्या हातात देईन, कारण मी तोंड उघडलं तर आपण भांडू आणि तेवढ्यात पावणेपाच वाजतील. मला आत घेऊ नकोस, चहा विचारू नकोस. आधी ते चित्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर ठेव, भिंत ओल्या फडक्याने पूस, पोरीचे हात धू, गाडी काढ. मला घेऊन जायचं की फाटकाशी ठेवायचं, ते तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर ठेवलं असतं. फक्त मी शेनच्या वेळी केलं तसं नर्सला फाटकातून परत पाठवू नकोस. ती जो आकडा सांगेल तो ऐक, आणि मला पण सांग.

तुझीच,
मम