दासोमची बॅग

४ सप्टेंबर, सोमवार
दासोमने आज मला कॅडीच्या कामावरून काढलं. चौदा वर्षं पोरीची गोल्फची बॅग माझ्या खांद्यावर होती. नऊ ट्रॉफ्या, नऊही वेळा मीच बाजूला. आणि सांगितलं कधी, तर जेवताना. म्हणाली, अप्पा, या चॅम्पियनशिपला शिनबाई नावाच्या कॅडी बॅग घेतील, तुम्ही आराम करा. तीन वर्षं जिंकलेली नाही, डोकं ठिकाणावर नाही तिचं. गुरुवारी पहिली फेरी. बुधवारपर्यंत फोन येणारच. बूट धुऊन ठेवले.

५ सप्टेंबर, मंगळवार
निश्चय : तिला मेसेज करायचा नाही.
सकाळी एकच केला, वाऱ्याबद्दल. मग सातव्या होलच्या उताराबद्दल. मग नाश्त्याबद्दल. मग आधीचे वाचलेस का, हे विचारायला. उत्तरादाखल एक अंगठा आला. सगळ्यांना मिळून एक.
बायको म्हणाली, अहो, किती येरझाऱ्या घालाल? म्हटलं, विचार करतोय. म्हणाली, मग बसून करा.

६ सप्टेंबर, बुधवार
फोन नाही. नेटवर्क गेलं असावं. बायकोला आतल्या खोलीतून फोन करायला लावला. नेटवर्क आहे.
त्यात ही नवी आफत. उद्या दासोमचा वाढदिवस, आणि बायको समुद्री शेवाळाचं सूप डब्यात भरून तिच्याकडे निघाली. आमच्या कोरियात वाढदिवसाला हे सूप घरोघरी होतं, मान्य. पण परीक्षेच्या किंवा सामन्याच्या दिवशी ते बुळबुळीत सूप प्यायलं की माणूस घसरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दरवर्षी वाढदिवस नेमका या स्पर्धेत येतो, म्हणून चौदा वर्षं मी तिला ते शिवू दिलं नाही. यश चिकटावं म्हणून चिकट मिठाई चारली. बायको म्हणाली, पोरीने स्वतः मागितलंय, आणि त्या मिठाईने तिच्या दोन दाढा किडल्यात.

७ सप्टेंबर, गुरुवार
सूप प्यायली. पारपेक्षा पाच फटके कमी. सगळ्यांत पुढे.
सूप अंगात भिनायला चार दिवस लागतात, असं माझं मत आहे.

९ सप्टेंबर, शनिवार
जायचं नाही असं पक्कं ठरवलं होतं. फक्त हवा पाहायला गेलो.
दोरीच्या या बाजूला, प्रेक्षकांत, मी कधी उभा राहिलो नव्हतो. इथून काही दिसत नाही, टोप्या दिसतात. बाराव्या होलवर दासोमने बॅगेतून सिक्स आयर्नची काठी काढली. मी ओरडलो, सेव्हन घे. एका स्वयंसेविकेने शांततेची पाटी माझ्या नाकासमोर धरली आणि म्हणाली, आजोबा, खेळाडूला त्रास होतो. मी म्हटलं, माझीच पोर आहे. म्हणाली, इथे सगळे असंच म्हणतात.
शिनबाई चकार शब्द बोलल्या नाहीत, नुसता टॉवेल पुढे केला. ही काय कॅडी झाली? चेंडू झेंड्यापासून दोन फुटांवर पडला. वाऱ्याची कृपा.

१० सप्टेंबर, रविवार
जिंकली. चार फटक्यांनी.
टीव्हीवर विचारलं, या वेळी वडील का नाहीत? म्हणाली, त्यांचे गुडघे दुखतात. माझे गुडघे ठणठणीत आहेत. दोनदा जिना चढून पाहिला. बायको म्हणाली, सगळ्या देशासमोर लाज राखली तिने तुमची. म्हटलं, कळलंय मला. कळलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

१३ सप्टेंबर, बुधवार
दासोम मला सरावाच्या मैदानावर घेऊन गेली. हातात ड्रायव्हर दिला, लांब फटक्याची मोठी काठी. म्हणाली, अप्पा, आज तुम्ही खेळा.
इथे लिहायला हरकत नाही : मी जन्मात एकही चेंडू मारलेला नाही. पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले. त्यावर चौदा वर्षं काढली.
पहिला फटका चेंडूला लागलाच नाही. दुसऱ्याला गवत उडालं. तिसऱ्याला चेंडू खुंटीवरून आपणहून खाली पडला. मी मान खाली घालून थांबलो. आता ती सांगणार, खांदा खाली, मनगट सैल, लक्ष कुठंय तुमचं.
ती काही बोलली नाही. वाकून चेंडू परत ठेवला आणि बाजूला उभी राहिली. मला हे चौदा वर्षांत एकदाही जमलं नाही.