नाव घेतल्याशिवाय पाय नाही

१० जुलै, गुरुवार

पुन्हा पोटात दुखलं. बरोब्बर सहा वीसला, कॉलेजची बॅग खांद्याला लावली तेव्हा. रविवारी दुखत नाही, सुट्टीला दुखत नाही. माझं पोट वेळापत्रक बघून दुखतं!

अण्णाआजोबांनी ओवा आणि काळं मीठ हातावर ठेवलं. त्यांच्याकडे सगळ्यावर ओवा. उद्या हाड मोडलं तरी ओवाच देतील.

आज गुरुपौर्णिमा, म्हणजे संध्याकाळी वाडीत गोविंदाची प्रॅक्टिस सुरू. आमचं मुलींचं पथक, मी पहिल्या थराला, यंदा तिसरं वर्ष. जसिंता मिसनी नियम पुन्हा ऐकवला. शाळेत पीटी शिकवायच्या, रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण शिट्टी अजून गळ्यात. वर चढणारीने जिच्या मांडीवर पाय ठेवायचा तिचं नाव घ्यायचं. खालची ‘ये’ म्हणाली की मगच पाय. नाव नाही तर पाय नाही. दुसरी पथकं आम्हाला हसतात. हसू देत. आमच्यात अजून एकीचाही हात मोडलेला नाही.

वैदेही! — ये!

दिवसभरात माझं नाव मी तिथेच ऐकते.

१५ जुलै, मंगळवार

मी वर्गात शिरले की पुष्कर तोंडाने टीं टीं टीं करतो. डम्पर मागे घेताना वाजतं ना, तसं. मग मागचे बाक — येऊ दे, येऊ दे, बस! सर फळ्याकडे तोंड करून उभे. त्यांना ऐकू येत नाही म्हणे.

डम्पर हे नाव रुचाने ठेवलं. आमच्याच वाडीतली, दोन दारं सोडून. मेट्रोचं खोदकाम चालू होतं तेव्हा ठाकूरद्वारला दिवसभर डम्पर असायचे, आम्ही लहान होतो. वाडीपुरतं होतं तोवर मी गिळलं. अकरावीत तिने ते कॉलेजात नेलं. आता बारावी, आणि त्याचा स्टिकर झालाय. पिवळा डम्पर, पुढे माझं तोंड, बहात्तर जणांच्या ग्रुपवर.

सेव्ह करून ठेवलाय. पुरावा म्हणून. मी रडले नाही. (रडले. बाथरूममध्ये, चार मिनिटं. ते मोजत नाही.)

१६ जुलै

डबा आजही कॉलेजच्या टाकीमागच्या मांजरीला. भेंडी तीसुद्धा खात नाही.

२४ जुलै, गुरुवार

वरच्या मजल्यावरच्या नलूकाकूंनी जिन्यात अडवलं. किती बारीक झालीस गं, काय करतेस, मलाही सांग की. काय सांगू? काकू, एक पुष्कर पाळा!

आई तर हरखलीय. माझी नववीतली जीन्स मला बसली, तर तिने आत्याला फोन करून सांगितलं. सगळ्या वाडीत माझं कौतुक चाललंय. फणीत केसांचा गुंता येतो तो कोणी बघत नाही. पाळी दोन महिने आलेली नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. काल जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, कठडा धरून उभी राहिले, तेवढ्यात बाबा मागून आले आणि म्हणाले, वा, आता कशी हलकी झालीस!

ताप आला असता तर सगळे धावले असते. बारीक होणं हा आमच्याकडे आजार नाही, पराक्रम आहे.

३० जुलै, बुधवार

पाय थरथरले आज. मनूने माझ्या मांडीवर पाय ठेवला तेव्हा. मनू म्हणजे पथकातली सगळ्यात लहान, यंदाच चौदा पूर्ण झाली म्हणून यंदाच चढणार. तिने माझं नाव घेतलं, मी ‘ये’ म्हटलं, आणि मनात म्हटलं, खोटं बोललीस.

रुचा सगळ्यात वरच्या थराला. प्रॅक्टिसला नुसतं लिंबूपाणी पिते. स्वप्नीलदादा, म्हणजे तिचा भाऊ, पथकाचा सगळा कारभार बघतो, तो रोज तिला नाक्यावरच्या मेडिकलमध्ये वजनाच्या काट्यावर उभी करतो. किलोभर वाढलीस तर मनूला वर घेतो, असं सगळ्यांसमोर बोलला. मला काय त्याचं!

आणि एक गोष्ट लिहायचीच आहे. गेला आठवडाभर रुचा चढताना माझं नाव घेत नाही. हळूच, मिसना ऐकू जाणार नाही असं म्हणते — डम्पर. आणि मी ‘ये’ म्हणते. रोज. ती म्हणते ते तिचं पाप. पण ‘ये’ कोण म्हणतंय? मीच!

३ ऑगस्ट, रविवार

नाही म्हटलं. म्हणजे, ‘ये’ म्हटलं नाही.

सकाळी आठ वाजता पूर्ण सहा थर लावायचे होते. वाडीतल्या सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या, आमच्या गॅलरीत आई. पाच थर लागले होते. रुचा आली, माझ्या कानाशी तेच म्हणाली. मी गप्प. तिने पुन्हा म्हटलं. मी गप्प. वरून ओरड सुरू झाली, खांदे भरून आले, काय चाललंय, काय चाललंय. मिसनी शिट्टी मारून थर उतरवले. एक एक करून सगळ्या मॅटवर उतरल्या.

मिसनी विचारलं, का नाही बोललीस?

आणि ज्याची तयारी केली नव्हती तेच तोंडातून निघालं. “ती मला डम्पर म्हणते. आणि मिस, मी जूनपासून डबा खाल्लेला नाही. आज मी ‘ये’ म्हटलं असतं तर या सगळ्या पडल्या असत्या.”

मग स्वप्नीलदादा म्हणाला, दहीकाला दोन आठवड्यांवर आणि आता हिची नाटकं.

मिस त्याच्याकडे वळल्यासुद्धा नाहीत. “नाटक करायचं असतं तर ती ‘ये’ म्हणाली असती,” म्हणाल्या.

वर बघितलं तर गॅलरीत आई नव्हती. अनवाणी जिना उतरत होती.

५ ऑगस्ट, मंगळवार

परळला डॉक्टरांकडे. हिमोग्लोबिन सात पूर्णांक नऊ. आई सांगायला लागली, हिला ना लहानपणापासून गॅस होतो. डॉक्टरबाईंनी तिला पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि मला विचारलं, कॉलेजात काय होतं?

पाच मिनिटांची चाळीस झाली. स्टिकर दाखवला, टीं टीं टीं करून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पोट खोटं दुखत नव्हतं, केस खोटे गळत नव्हते, रोज भीती खाल्ली की अंगाला लागते. औषधं दिली, दर मंगळवारी बोलायला यायचं. आणि यंदा थराला उभं राहायचं नाही. मी भांडले! ती एकच गोष्ट माझी होती, तीही गेली. संताप संताप झाला.

परत येताना आई बसमध्ये एवढंच म्हणाली, “मी सगळ्यांना फोन करून कौतुक सांगत होते गं.” मी तिचा हात धरला. तिने थेट गिरगाव येईपर्यंत सोडला नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आई आणि मिस स्टिकर घेऊन प्रिन्सिपलकडे. पुष्करच्या घरच्यांना सोमवारी बोलावलंय.

तरी आज त्याने टीं केलंच. मी जागीच थांबले, वळले, म्हटलं, नाव घे माझं. तो हसला. इकडे तिकडे बघितलं. मग हसू गेलं. त्याला माझं नाव आठवत नव्हतं! एक वर्ष एका वर्गात!

डबा: पोळी-भाजी. अर्धा मी खाल्ला. मांजर नाराज.

१६ ऑगस्ट, शनिवार

दहीकाला. आमचे पाचच थर. काही जणी माझ्याशी बोलत नाहीत, सहावा थर माझ्यामुळे गेला म्हणून. नका बोलू. पडून हात मोडण्यापेक्षा अबोला बरा.

मिसनी स्वतःची शिट्टी माझ्या गळ्यात घातली. मी मॅटच्या कडेला. ज्या मुलीने नाव घेतलं नाही तिच्यावर शिट्टी! दोनदा मारली. रुचाने माझ्या जागेवरच्या मुलीचं नाव नीट घेतलं. वर पोचली, दोरीला हात घातला, तो हात थरथरत होता. सगळ्यांना वाटलं घाबरली. मला ते थरथरणं माहीत आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

रुचाचा मेसेज. परळच्या त्या डॉक्टरांकडे मला पण नेशील? दादाला कळू देऊ नको.

माफ केलेलं नाही. लिहून ठेवते, उद्या विसरायला नको.

मी लिहिलं, आधी नाव घे.

बराच वेळ नुसतं टायपिंग, टायपिंग. मग आलं — वैदेही.

मी लिहिलं — ये.