रुग्ण क्र. १ आणि खोलीतला दुसरा आवाज

५ जानेवारी, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. नियम: खरं लिहायचं, थोडक्यात लिहायचं, भावना लिहायच्या नाहीत.

वस्तुस्थिती. स्पीच थेरपिस्ट म्हणून माझा उभा जन्म लोकांना बोलतं करण्यात गेला. हाताखालून शिकून गेलेल्या मुलींची तर गणतीच नाही. आता कॉलेजने फतवा काढला आहे की विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या प्रत्येकाने 'संशोधन पद्धती' हा कोर्स केलेला असला पाहिजे. आमच्या वेळी हा विषय नव्हता. आमच्या वेळी कान होता. एप्रिलपर्यंत सर्टिफिकेट आणलं नाही तर मला विद्यार्थी मिळणार नाहीत. म्हणजे विशीच्या पोरींमध्ये बाकावर बसणं आलं.

शिकवणारा माझ्या भाच्याच्या वयाचा. दर वाक्याला 'मेथड' म्हणतो. त्याचं नाव मेथडबुवा ठेवलं. मॅडम, झेपेल ना, असं त्याने आदराने विचारलं. मी नुसतं पाहिलं. त्याने पुढची स्लाइड लावली.

प्रोजेक्ट: एकाच रुग्णावर अभ्यास. आधी काही उपचार न करता नुसतं मोजायचं. याला बेसलाइन म्हणतात. मग उपचार करून मोजायचं. मग उपचार थांबवून परत मोजायचं. यात न झेपण्यासारखं काय आहे?

रुग्ण शोधावा लागणार नाही. घरातच आहे.

८ जानेवारी

रुग्ण क्र. १. पुरुष, सदुसष्ट. मागच्या जूनमध्ये स्ट्रोक. चालतो, जेवतो, सगळं समजतं. बोलत नाही. परीक्षकाशी नातं: नवरा.

मेथडबुवा म्हणाला, घरचा रुग्ण घेऊ नका, नजर स्वच्छ राहत नाही. मी म्हटलं, माझी स्वच्छच आहे, तुम्ही चष्मा पुसा. पोरी हसल्या. परवानगी मिळाली.

वहीत 'हे' असं लिहायचं नाही. संशोधनात अहो-जाहो नसतं.

उद्दिष्ट: यांनी माझ्याशी बोलावं.

दुरुस्ती: रुग्ण क्र. १ ने परीक्षकाशी बोलावं.

पद्धत: वीस चित्रांची कार्डं. चमचा, दार, छत्री, किल्ली वगैरे. रोज सकाळी दहाला. रेकॉर्डर चालू करून फडताळात ठेवायचा आणि दहा मिनिटं मी स्वयंपाकघरात थांबायचं, म्हणजे रुग्णाला यंत्राची सवय होते. ही युक्ती माझी स्वतःची. मग स्टॉपवॉच घेऊन आत.

लेकीचा फोन. म्हणाली, आई, बाबांना जरा एकटं सोडत जा गं. सांगितलं तिला, रोज दहा मिनिटं सोडते, आणि तेही पद्धतशीर.

१४ जानेवारी

बेसलाइन. शून्य. शून्य. शून्य. शून्य.

मेथडबुवा वर्गात म्हणाला, इतकी स्थिर बेसलाइन फार कमी लोकांना मिळते. अभिमान वाटला. घरी येताना अभिमान कशाचा वाटला ते लक्षात आलं आणि वाटेनासा झाला.

भावना लिहायच्या नाहीत.

२० जानेवारी

उपचार सुरू. किल्लीचं कार्ड दाखवलं. रुग्णाने खिडकीकडे पाहिलं. मी म्हटलं, चूक. पुन्हा. परत खिडकीकडे पाहिलं. विचार केला. किल्लीचा संबंध दाराशी, दाराचा खिडकीशी. अर्धा गुण.

२३ जानेवारी

मी 'किल्' म्हटलं. रुग्णाने श्वास घेतला. तो श्वास 'ली'चाच होता. कान असणाऱ्याला कळतं. एक गुण.

२९ जानेवारी

एकूण नऊ गुण. आलेख काढला. रेघ वर चालली आहे. रुग्णाला दाखवला. रुग्णाने आलेखाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग डोळे मिटले. समाधान.

३ फेब्रुवारी

एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आज रेकॉर्डिंग पहिल्यांदाच अगदी सुरुवातीपासून ऐकलं. एरवी ती रिकामी दहा मिनिटं मी पुढे पळवते.

ती रिकामी नाहीत.

खुर्ची करकरते. मग पुरुषाचा आवाज. खालच्या पट्टीत गुणगुणतो आहे. सूर पक्का. मग काहीतरी पुटपुटतो, कळत नाही. मग एकदम स्पष्ट: आली. त्यानंतर चपलांचा आवाज. मग मी, तारीख आणि सत्र सांगताना.

परत ऐकलं. आली. मग चपला. मग मी.

विचार केला. त्या वेळी खोलीत रुग्ण क्र. १ शिवाय कोणी नसतं. रुग्ण क्र. १ बोलत नाही. बेसलाइन शून्य आहे, मेथडबुवाने सही केली आहे. म्हणजे आवाज दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

बाहेरच्या दाराची कडी पाहिली. लागलेली होती.

४ फेब्रुवारी

शेजारचे रिटायर्ड बँकवाले असणार. भिंत पातळ आहे. आवाज खाली ठेवा असं सांगायला गेले. दाराला कुलूप. खालच्या शिंपीणबाई म्हणाल्या, अहो, ते घर आवरून लेकाकडे गेले, महिना होऊन गेला की. तुम्हाला ठाऊक नाही? भिंतीला भिंत ना तुमची?

ठाऊक नव्हतं. मी लोकांच्या उचापती करत नाही.

मग भिंतीपलीकडे कोण?

७ फेब्रुवारी

सगळ्या रेकॉर्डिंगची रिकामी दहा मिनिटं ऐकली. सगळ्यांत तो आहे. बेसलाइनच्या दिवसांतही. दर वेळी शेवटी 'आली'. दर वेळी त्यानंतर चिडीचूप.

कोण आली? त्या खोलीत माझ्याशिवाय बाई येतच नाही.

अंगावर काटा आला. कारण: खिडकी उघडी होती. बंद केली. काटा तसाच.

१० फेब्रुवारी

कार्डं काल रात्री रबरबँड लावून ओट्यावर ठेवायला विसरले, खोलीतच राहिली. सकाळी रबरबँड खिडकीत. छत्री सर्वात वर. माझी खुर्ची यांच्या खुर्चीसमोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ ओढलेली. मी इतकी जवळ कधीच बसत नाही. हाताच्या अंतरावर बसते, पुस्तकात तसंच आहे.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. म्हणूनच प्रयोग करायचा. दाराच्या चौकटीला शिवणाचा दोरा बांधला. कोणी आलं तर तुटेल. कोणी नाही आलं तर राहील. दोन्ही बाजूंनी सिद्ध होतं. ही खरी मेथड.

११ फेब्रुवारी

दोरा तुटला नाही. आवाज होता.

म्हणजे जे काही आहे ते दारातून येत नाही.

रुग्ण क्र. १ ला विचारलं, तुम्हाला खोलीत कोणी दिसतं का. रुग्णाने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो. कुठे, विचारलं. रुग्णाने बोट उचललं. बोट माझ्याकडे होतं. मागे वळून पाहिलं. मागे फडताळ.

फडताळ रिकामं केलं. जुने स्वेटर निघाले.

१७ फेब्रुवारी

आज आवाज 'अगं' म्हणाला.

या घरात अगं म्हणून हाक मारणारा एकच माणूस होता, आणि तो जूनपासून नाही. खुर्चीत बसलेला आहे तो रुग्ण. तो माणूस हाक मारायचा, मी हातातलं टाकून काय म्हणून विचारायचे, आणि तो म्हणायचा, काही नाही. दिवसातून चार-पाचदा. मी घरात आहे ना, एवढंच बघायला. निव्वळ वेळेचा अपव्यय. मी तेव्हाच बजावलं होतं.

ती जागा पुन्हा पुन्हा लावून ऐकली.

संशोधनासाठी.

२४ फेब्रुवारी

गुण साडेएकतीस. विक्रमी. या वेगाने एप्रिलपर्यंत रुग्ण पूर्ण वाक्यं बोलेल. मी भाषणही तयार ठेवलं आहे: पोरींनो, आलेख सगळे काढतात, कान मात्र कमवावा लागतो.

एक किरकोळ अट राहिली आहे. तेच रेकॉर्डिंग दुसऱ्या कुणीतरी ऐकून स्वतंत्र गुण द्यायचे. माझ्या वाट्याला झिपरी आली आहे. माझ्या शेजारी बसते, केस कधी विंचरत नाही, सदा च्युइंगम. असो. पाठवलं.

२ मार्च

झिपरीचे गुण: शून्य.

एकतीस नाही, एकवीस नाही. शून्य. तिला कँटीनमध्ये गाठलं. म्हणाली, मावशी, खरं सांगू का, कार्डांच्या वेळेस मला फक्त तुम्हीच ऐकू येता. किल् पण तुम्ही, ली पण तुम्हीच. मी म्हटलं, आधी ते च्युइंगम थुंक, कान मोकळे होतील.

मग म्हणाली, पण ते काका मस्त गुणगुणतात हो.

कोण काका? म्हणजे तिलाही ऐकू येतो. आता हा भास म्हणता येणार नाही. माझे हात गार पडले होते. कँटीनचा पंखा.

५ मार्च

वर्गात नवा धडा. मोजणारा खोलीत आला की मोजायची वस्तूच बदलते. मेथडबुवाने फळ्यावर डोळ्याचं चित्र काढलं. मला पटलं. आमच्या विभागप्रमुखांना तंतोतंत लागू आहे. त्या खोलीत पाऊल टाकतात आणि सगळ्यांची वाचा बसते. बिचाऱ्यांना पत्ताच नाही. त्यांचं नाव समासात लिहून ठेवलं.

९ मार्च

मेथडबुवानेही ऐकलं. शून्य. सांगताना त्याने चष्मा काढून पुसला.

मी दुसऱ्या आवाजाचं सगळं सांगितलं. कडी, दोरा, फडताळ, शेजारचं कुलूप. तो ऐकत राहिला. झिपरीही होती. मग झिपरी म्हणाली, मावशी, 'आली' म्हणजे तुम्हीच ना? चपला वाजतात तुमच्या. चपला वाजल्या की ते काका म्हणतात आली, आणि गप्प होतात.

मी म्हटलं, कोण काका?

दोघंही खाली बघायला लागले.

मी उठून आले. या पोरीला कान नाही. मास्तरालाही नाही. हा आवाज यांचा असता तर मला कळला नसता? मला?

१० मार्च

चपलांचा आवाज होतो. स्वयंपाकघरापासून खोलीपर्यंत चालून पाहिलं. बराच होतो.

१२ मार्च

प्रोजेक्टचा शेवटचा टप्पा. उपचार बंद, नुसतं मोजायचं. कार्डं खोलीतच ठेवली. लेकीला फोनवर सांगितलं, आता काही दिवस मी आत जाणार नाही. ती म्हणाली, आई, तू रडतेयस का? मी म्हटलं, संशोधनात आवाज बसतो.

१६ मार्च, सकाळ

मेथडबुवाचा शेरा आला: गुणदान ग्राह्य नाही. प्रोजेक्ट पुन्हा सादर करावा. म्हणजे एप्रिल गेला. म्हणजे या वर्षी विद्यार्थी नाहीत. ठीक आहे. विश्रांतीची गरज होतीच.

तरी टप्पा पूर्ण करायचा. अर्धवट काम मला खपत नाही.

दहाला चपला स्वयंपाकघरात काढल्या. अनवाणी आले. दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिले. फरशी गार होती.

आधी गुणगुणणं. मग कार्डं चाळल्याचा आवाज. मग खुर्ची ओढल्याचा. माझी खुर्ची. फटीतून पाहिलं. हे त्या रिकाम्या खुर्चीसमोर वाकून बसले होते, गुडघ्याला गुडघा लावून, डाव्या हातात छत्रीचं कार्ड धरून. छ म्हणाले. परत छ. कपाळावरची शीर फुगली. छत. मग स्वतःच म्हणाले, चूक. पुन्हा.

माझ्याच सुरात. अगदी हुबेहूब. आजवर कोणी इतकी अचूक नक्कल केलेली नाही.

छत. चूक. पुन्हा. छत्. छत्री.

मग खुर्चीकडे पाहत राहिले. मी गुण लिहायला जेवढा वेळ घेते तेवढा वेळ. कोणी काही लिहीत नव्हतं. खुर्चीला काय समजणार.

मग कार्ड खाली ठेवलं आणि म्हणाले, अगं.

मी म्हटलं, काय?

ठरवून म्हटलं नाही. तोंडातून गेलं. इतक्या वर्षांची सवय.

आत एकदम शांतता. खुर्चीसुद्धा करकरेना. आता संपलं, असं वाटलं. टप्पा बिघडवला, आणि तोही माझ्याच तोंडाने. भिंतीला धरून तशीच उभी राहिले. आत जावं की परत फिरावं कळेना. आत गेले तर गप्प होतील. फिरले तर

आतून आवाज आला. हळू. प्रत्येक अक्षर उचलून ठेवल्यासारखं.

काही नाही.

हे दोन शब्द वीस कार्डांत नाहीत. त्यांचं चित्र काढता येत नाही. नियमाप्रमाणे गुण: शून्य.

चपला अजून स्वयंपाकघरातच आहेत. राहू देत.