चेष्टाबाबूंचं घर

अण्णा, तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात तुम्हाला काही लिहावं असं मला वाटलं नव्हतं. काल वाटलं. सकाळी स्टाफरूममध्ये शिरले तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीतून एकजण म्हणाला, "आइए, चेष्टा मैडम," आणि बाकीचे हसले. मी माझ्या जागेवर बसले, पेनाचं टोपण काढलं, आणि मला तुमची काळी टोपी आठवली.

आईचं माहेर बनारसचं, बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत, चार पिढ्यांपासूनचं. तिथं सगळ्यांना हिंदी जन्मापासून येते. तुम्ही लग्नानंतर वाईहून आलात, नोकरी मिळाली म्हणून इथंच राहिलात. तुमची हिंदी पंचविशीनंतरची, कानांनी गोळा केलेली. कचेरीत त्या हिंदीला हसत आणि टोपीला हसत. टोपी पळवायची, या टेबलावरून त्या टेबलावर फेकायची, संध्याकाळी परत द्यायची. "अरे गुरु, बुरा मत मानिए, बनारस है!" असं म्हणायचं. या गावात कुणाच्याही अंगावर काहीही टाकावं आणि वर हे वाक्य टाकावं, की झालं. एका संध्याकाळी टोपी घरी आली ती आतून लाल होती. कुणीतरी तिच्यात पान थुंकलं होतं. आई मोरीत ती धूत होती, तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बघत होतात. "रंग जाईल का?" "जाईल," आई म्हणाली. गेला नाही. कात, तंबाखू आणि दुसऱ्याच्या तोंडाचा ओलावा, असा तो वास होता. आजही कुणी पान लावून माझ्याजवळ बोलायला आलं की मी एक पाऊल मागे सरते.

त्याच महिन्यात तुम्ही मला रागावला होतात. शेजारच्या काकू एका पायानं लंगडत. मी घाटाच्या पायऱ्यांवर मैत्रिणींना त्यांची चाल करून दाखवत होते आणि तुम्ही वरून उतरत होतात. आवाज चढवला नाहीत. "माणसाची चेष्टा करायची नाही. कुणाचीच," म्हणालात, आणि मला हाताला धरून काकूंच्या दारात नेलंत. त्या विळीवर दुधी चिरत होत्या. त्यांना काही माहीतच नव्हतं. माझ्या तोंडून कळलं. "जाऊ द्या हो, मूल आहे," त्या म्हणाल्या. "मूल आहे म्हणूनच," तुम्ही म्हणालात. मैत्रिणी गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून बघत होत्या. मी आठ दिवस तुमच्याशी धड बोलले नाही.

आणि मग तो अर्ज. रविवार आहे, दुपार आहे, तुम्ही जमिनीवर पाट घेऊन लिहिताय. टोपीनंतर तुम्ही ठरवलंय की साहेबांकडे रीतसर तक्रार करायची. लिहून झाल्यावर कागद माझ्यासमोर धरता. "तू हिंदी शाळेत जातेस. चुका बघ बरं." मी आठवीत आहे, हिंदीत वर्गात पहिली, आणि काकूंच्या दारातला दिवस विसरलेली नाही. मी पेन्सिल घेते. 'श्रीमान' दुरुस्त करते. शेवटी तुम्ही लिहिलंय की 'उन्हें समज दी जाए'. 'समज'चं 'समझ' करते. त्याच्या बरोबर वरच्या ओळीत आहे: 'कार्यालय में कुछ लोग रोज मेरी चेष्टा करते हैं।'

मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हिंदीत ते वाक्य वाचलं तर काही लोक रोज तुमचा 'प्रयत्न' करतात असं होतं, आणि त्यातून ज्याला जो घाण अर्थ काढायचा तो काढता येतो.

साहेबांनी तो काढला. अर्ज दारं उघडी ठेवून सगळ्या कचेरीला वाचून दाखवला. ज्यांच्याविरुद्ध लिहिला होता ते टाळ्या देत ऐकत होते. "कौन करता है चेष्टा, बाबू? दिन में कि रात में?" हे मला तुम्ही सांगितलं नाहीत, मामांनी पुढं कधीतरी सांगितलं. त्या दिवसापासून तुम्ही चेष्टाबाबू. निवृत्त होईपर्यंत, एकोणीस वर्षं. मला त्यातल्या एकाही माणसाचा राग येत नाही. राग समोरच्याला माणूस मानून येतो. नालीतलं काही चपलेला लागावं तसं मला त्यांच्याविषयी वाटतं. तुम्ही गेलात तेव्हा त्यातले दोघे आले होते, हार घेऊन, पांढरे कुर्ते घालून. दारात उभं राहून हळू आवाजात त्यांनी विचारलं, "चेष्टाबाबू का घर यही है?" ते थट्टा करत नव्हते. तुमचं दुसरं काही नाव आहे हे ते विसरले होते. आई म्हणाली, "जी, यही है।"

आता माझं सांगते. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात एक बाई आहे. बोलताना अडखळते. ती सह्यांचं रजिस्टर घेऊन स्टाफरूममध्ये आली की माझ्याच विभागातला एक प्राध्यापक तिला थांबवतो. "जरा बोलिए तो, प्रयोगशाला।" ती बोलायला लागते, बाकीचे मोजतात, "एक प, दो प, तीन प।" वर्गात हा माणूस करुणरस शिकवतो आणि शिकवताना त्याचे डोळे भरून येतात. तीन वर्षं मी हे ऐकलं. उत्तरपत्रिकांत मान घालून, लाल पेन हातात घेऊन ऐकलं. तुमच्या कचेरीतही कुणीतरी फाइलीत मान घालून बसलेलं असणारच. त्याच्याविषयी मी कधी विचार केला नव्हता.

मंगळवारी ती बोलली नाही. निरोप चिठ्ठीवर लिहून आणला आणि त्याच्यापुढे ठेवला. त्यानं चिठ्ठी उचलली, उभा राहिला, आणि सगळ्यांना वाचून दाखवायला लागला. अडखळत. "म-म-महोदय, प्रा-प्रा-प्राचार्य जी ने..." ती दारात उभी होती, रजिस्टर छातीशी धरून. मी उठले. पंचवीस वर्षं मी हिंदी शिकवते, अण्णा. उठले आणि म्हणाले, "वह कागज वापस कीजिए। तीन साल से आप इनकी चेष्टा कर रहे हैं।"

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कोपऱ्यातून, "क्या कर रहे हैं?" "चेष्टा! इस उमर में?" "अरे मैडम, अभी तो की ही नहीं!" समोसा खाणाऱ्याला ठसका लागला. मला शब्द बदलता आला असता. उपहास, मजाक, खिल्ली, सगळे जिभेवर होते. मी बदलला नाही. पुन्हा म्हणाले, "चेष्टा। मेरे घर में इसे यही कहते हैं। कागज दीजिए।" आणि हात पुढे करून उभी राहिले. बराच वेळ उभी होते. शेवटी त्यानं चिठ्ठी दिली, माझ्याकडे न बघता. मी ती बाईला दिली. तिनं आभारबिभार काही मानले नाहीत. जाताना एवढंच म्हणाली, "अब आ-आप पर हँसेंगे।" आणि हसतात. मात्र परवापासून तिला कुणी 'प्रयोगशाला' म्हणायला लावलेलं नाही. मला यात शौर्य वाटत नाही. तीन वर्षं उशिरा उठलेल्या माणसाला कसलं शौर्य.

अर्ज वाचून दाखवला त्या संध्याकाळी तुम्ही मला विचारलं होतंत, "चेष्टेला हिंदीत काय म्हणतात गं?" मी म्हणाले, "उपहास." "अस्सं. मग तुझ्या लक्षात नाही आलं?" मी म्हणाले, "मलाही माहीत नव्हतं. मैत्रिणीला विचारलं आज." तुम्ही मान हलवलीत. "चूक माझीच. घरात कोश पाहिजे होता." दुसऱ्या दिवशी कचेरीतून, त्या कचेरीतून, येताना तुम्ही माझ्यासाठी जुना हिंदी शब्दकोश घेऊन आलात. त्याला कव्हर घातलंत, वर माझं नाव लिहिलंत. तो अजून माझ्या टेबलावर आहे. लोकांना मी सांगते की वडिलांनी कोश दिला म्हणून हिंदीकडे वळले.

कोश लागणार नव्हता, अण्णा. पेन्सिल त्या ओळीवर थांबली होती. मला तो शब्द येत होता.