तलवारीच्या मुठीतला एक दिवस

नागपूर
फाल्गुन

प्रिय माय,

तुला वाचता येत नव्हतं, हे ठाऊक असून लिहितो आहे. काय करू? आज तुझ्या तलवारीवरचं नाव वाचलं गेलं, माय! ते तुला सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही.

कुंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. हो, तीच कुंदा, जिचं लग्न ठरलं म्हणून मी कॉलेज अर्ध्यात सोडलं. काल तिची आई दारात उभी. "दिनू, तुया मायची तलवार दे ना गा. पोरीचे दिवस भरले, लई घाबरून राहिली थे."

"तलवार नाही घरात," म्हणालो आणि दार लावून घेतलं. मग डोकं असं तापलं की ठरवलं, ही वस्तूच घरात नको. जपानची आहे ना? जपानी माणसालाच देऊन टाकू. पुन्हा कुणी मागायला यायला नको, विशेषतः त्या घरातून!

आज सकाळी तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून सायकलला बांधली आणि विहारात नेली. तिथं सध्या एक म्हातारे जपानी भंतेजी मुक्कामाला आहेत. वाटेत सदरच्या चौकात शिपायानं हटकलं. "क्या है रे?" मी म्हणालो, "माय का सामान." खोटं होतं का गं?

बाबांनी ती ब्रह्मदेशच्या लढाईतून आणली. शरण आलेल्या जपानी अंमलदाराची, आमच्या साहेबानं बक्षीस दिली, एवढंच ते सांगायचे. त्यांच्यामागं ती तुझी झाली. तू सुईण. ज्या घरी बाळंतपण, त्या घरी तुझ्याबरोबर तलवार. म्यानासकट खाटेखाली ठेवायचीस, काढायची कधीच नाही. आपण धम्मात आल्यावर वस्तीतली मंडळी तुला रागावली, आठवतं? "देव सोडले, भूतं सोडली, अन् हे काय?" तू तंबाखू मळत म्हणालीस, "देव सोडले गा, बाळंतीण थोडीच सोडली? लोखंड पाशी असलं का झोपते बिचारी."

कुहीला मावशीच्या सुनेसाठी एसटीनं घेऊन निघालीस, तेव्हा कंडक्टर हसला होता. "लढाईले चालली का वं बाई?" "लढाईलेच चालली," तू म्हणालीस, "पोरगं आडवं हाये."

आणि कुंदाच्या हळदीच्या दिवशी मी वेड्यासारखा तलवारीकडं धावलो, तेव्हा तू सरळ तिच्या पेटीवर बसलीस. "उठ!" मी ओरडलो. तू हललीसुद्धा नाहीस. "थे बाळंतिणीची हाये, तुही नाही." माय, तेव्हा तुझा इतका राग आला होता!

बरं, ऐक. भंतेजींनी आधी तलवारीला हात जोडले. मग मुठीत एक बांबूची बारीक खुंटी दाखवली. इतकी वर्षं आपल्या घरात, आणि आपल्याला ती दिसली नव्हती! त्यांनी ती हलकेच ठोकून काढली, आणि मूठ अशी अलगद सुटून हातात आली. आत पात्याचा शेपटा, गंजून काळाकुट्ट. मी विटकरीचा तुकडा घेऊन घासायला वाकलो, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "नहीं! ये जंग इसकी उमर है."

त्यांनी त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी फिरवायला लागले. काळ्या रंगातून पांढरी अक्षरं वर यायला लागली, माय. एकेक रेघ, जशी कुणी आतून लिहीत असावी. एका बाजूला प्रांत, गाव आणि घडवणाऱ्याचं नाव. नावाचं पहिलं अक्षर खुंटीच्या भोकानं खाल्लेलं. उरलं फक्त 'मित्सु'. त्या गावच्या किती लोहारांच्या नावात ते असायचं म्हणे! म्हणजे तो सापडला, आणि सापडलाही नाही.

दुसऱ्या बाजूला काळ. भंतेजी बोटं मोजत बसले, मग म्हणाले, साडेचारशे बरस. साडेचारशे! त्यापुढं वाचलं, "दूसरा महिना, एक दिन."

"कौनसा दिन?"

"बस, एक दिन." तेव्हाचे लोहार असंच लिहायचे. महिना लिहायचा, दिवसाचा आकडा नाही.

शाळेत नाव घालताना मास्तरांनी माझी जन्मतारीख विचारली, तेव्हा तू काय म्हणाली होतीस? "मृग बहाराची संत्री उतरून राहिली होती मास्तर, त्यातला एक दिवस." मास्तर हसले आणि मनानंच तारीख घातली. किती लाज वाटली होती मला! आणि इथं एवढा मोठा कारागीर तुझ्यासारखाच बोलत होता.

भंतेजींनी हळूच विचारलं, "इससे यहाँ किसी को मारा?" मी बाळंतिणींच्या खाटांचं सगळं सांगितलं. त्यांना पटेना, पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी जमिनीला डोकं टेकलं. तलवारीपुढं की तुझ्यापुढं, कोण जाणे!

"आप रख लो," मी म्हणालो.

त्यांनी मूठ पुन्हा बसवली, खुंटी ठोकली, अक्षरं अंधारात गेली. तलवार माझ्या दोन्ही हातांवर ठेवून विचारलं, "अभी किसके घर बच्चा होनेवाला है?"

माय, मी तलवार पुन्हा तुझ्या लुगड्यात गुंडाळली आणि सायकल घराकडं वळवली.

तो कागद तुझ्या फोटोशेजारी लावला आहे. तू का नाही थांबलीस गं हे बघायला? कुंदाच्या खाटेशी आता तू नाहीस. उरली ती ही.

तुला वचन देतो. उद्या उजाडताच त्या दारात जाईन. आवाज चढवणार नाही, आत डोकावणार नाही. तिच्या आईच्या हातात तलवार देईन आणि सांगीन, "म्यानातून काढू नका, काकू. तिच्या पाशी राहू द्या." मग ओट्यावर बसून राहीन, पहिलं रडणं ऐकू येईपर्यंत.

तुझा,
संत्र्यांच्या दिवसांतल्या एका दिवशी झालेला
दिनू