पहिली तार

आबा, आज मी जिंकले. दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

तुमची नात सहा वर्षांची झाली. तुम्ही तिला पाहिलं नाही, पण नाक अगदी तुमचंच. काल लिंबायतच्या आपल्या त्याच खोलीत मी साड्यांना लेस लावत बसले होते. बाईसाहेब मांडीवर येऊन रेलल्या आणि विचारतात काय, तर मी तुझ्यातून आले, तू आजीतून, आजी तिच्या आईतून, मग सौथी पहेली, सगळ्यात पहिली मम्मी कोणातून आली? शाळेतली गुजराती, गल्लीतली हिंदी, घरातली अहिराणी, सगळ्याची खिचडी करून बोलते कार्टी. मी म्हटलं, देवाने केली. तर म्हणे, देवाची मम्मी कोण? आणि आबा, माझ्या तोंडून निघालं, "चूप बैस, डोकं नको खाऊ."

शब्द तुमचे, आवाजही तुमचाच. मी हबकलेच.

एकदम डोळ्यांपुढे आलं, मी सात वर्षांची आहे. तुमचा डबा घेऊन कारखान्यात आलेय. तुमचा माग बंद आहे. जुना बीम, धाग्याच्या तारा गुंडाळलेला रूळ, संपलाय आणि तुम्ही त्याच्या एकेका तारेला नव्या बीमची तार गाठ मारून जोडताय. मी हाच प्रश्न विचारते, तुम्ही हेच बोलता, आणि शेजारचे कारागीर हसतात. वाटलं, आपण काहीतरी घाण विचारलं. दहावीपर्यंत वर्गात मी एकदाही हात वर केला नाही. फार राग होता तुमच्यावर, आज सांगते.

पोरगी कोपऱ्यात जाऊन बसली होती, ओठ मुडपून, तेव्हाच्या माझ्यासारखीच. म्हटलं, हिचा हात मी खाली जाऊ देणार नाही. लेस बाजूला टाकली, तिला जवळ ओढलं आणि तिच्या बेंबीवर बोट ठेवलं. ही बघ तुझी गाठ, इथून तू माझ्याशी जोडलेली होतीस. माझी ही, इथून मी तुझ्या आजीशी. तुझे आबा कारखान्यात अशाच जुन्या तारेला नवी तार बांधायचे, म्हणून माग पुढे चालायचा. तिने माझी बेंबी तपासली, मग पळत जाऊन आजीची. आई लाजून हसत सुटली.

"पण पहिली तार?"

"माले नही माहीत," मी म्हटलं. मग जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. फार फार पूर्वी पाण्यात डोळ्यांना न दिसणारा इवलासा जीव होता, तेव्हा मम्मी-बिम्मी कोणी नव्हतं, एकाचे दोन व्हायचे. पण त्याच्यात पहिल्यांदा जीव कसा आला, ते मोठमोठे शास्त्रज्ञ अजून शोधतायत.

तिचे डोळे एवढाले झाले. "अजून सापडलंच नाही? मग मी शोधते."

आणि आज वर्गात हात वर करून बाईंना विचारून आली! बाईंनाही माहीत नाही, हे सांगताना छाती केवढी फुगली होती म्हणून सांगू.

तुम्हाला तेव्हा राग आलाच नव्हता ना, आबा? उत्तर येत नव्हतं, आणि चार माणसांत तसं म्हणायची लाज वाटली. एवढं कळायला मला आई व्हावं लागलं.

हे पत्र तुमच्या फोटोमागे खोचून ठेवतेय, टाकणार तरी कुठे. एक कबूल करते. रात्री झोपताना तिने विचारलं, माहीत नाही असं सरळ सांगायला तुला कोणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं.