कमरेच्या उंचीचा दांडा

३ सप्टेंबर, बुधवार
डॉक्टरांनी अण्णांचा उजवा खांदा हलवून पाहिला आणि मला बाहेर बोलावलं. घरात शिकलेली मी पहिली, त्यामुळे वडिलांचं दुखणं आता लेकीला सांगतात. कुऱ्हाड बंद. नाहीतर हात वर जायचाच थांबेल. परतीच्या बसमध्ये अण्णांना सगळं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. ताडकळस आलं तेव्हा म्हणाले, "कोजागिरीचं लाकूड झालं की बघू."

कोजागिरीला गावात देवीचा भंडारा. त्याचं लाकूड फोडायचा मान आमच्या घराचा, आजोबांपासून. मंदिरामागे बाभळीची खोडं येऊन पडलीत, चिंचेचंही एक. अण्णा ती फोडणार म्हणजे फोडणार. आणि दिवाळीनंतर मी नोकरीला पुण्यात.
त्याआधी काहीतरी करायचं. काय करायचं ते बसमध्येच ठरलं: घाव न घालता लाकूड फोडणारं मशीन.

९ सप्टें., मंगळवार
सगळा दिवस परभणीत, भंगाराच्या दुकानांत. ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी करतो तो हायड्रॉलिक जॅक मिळाला. जुना, पण दट्ट्यावर ओरखडा नाही. दुकानदार माझ्या प्रश्नांची उत्तरं अण्णांकडे बघून देत होता. शेवटी अण्णाच म्हणाले, "तिला सांगा. मी नुसता वझं उचलायला आलोय." मी त्यांना तेही उचलू दिलं नाही.

संध्याकाळी काकांनी आमचं जुनं डिझेल इंजिन हँडल मारून चालू केलं. विहिरीवर मोटर बसल्यापासून ते गोठ्यात पडून होतं. आधी काळा धूर, मग ठोके. म्हैस दावं तोडून पळाली. आईने तिला आणलं आणि इंजिनाला नमस्कार केला.

इंजिन तेलाचा पंप फिरवेल, पंप तेल ढकलेल, तेलाने जॅक सरकेल, जॅक खोडाला पाचरीवर दाबेल. घाव नाही, नुसता दाब. अण्णांना हे मातीत काठीने काढून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले. नंतर त्या चित्रावरून कोंबडी चालली तर हाकलली.

१७ सप्टें., बुधवार
ताडकळस, सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान. पायाला गर्डर. पाचर म्हणून आमच्याच नांगराचा जुना फाळ, मागून दोन जाड पट्ट्यांचा आधार देऊन. सलीमभाई चष्मा वर करून म्हणाले, "बेटी, लकडी फाडनी है या किला?"
म्हटलं, "बाभळीची लकडी है, चाचा. किलाच समझो."

दांड्यावरून वाद. (हा दांडा दाबला की जॅक पुढे, सोडला की थांबतो.) त्यांनी तो छातीच्या उंचीला जोडला, सगळ्या मशिनांना तसाच असतो म्हणून. मी कापायला लावला. कमरेच्या उंचीला हवा, म्हणजे खांदा उचलावाच लागणार नाही. आणि दोन हातांनीच दबला पाहिजे, म्हणजे एकही हात खोडापाशी राहणार नाही. ते कुरकुरले. मग विचारलं, चालवणार कोण. सांगितलं. त्यांनी पुन्हा मोजलं, कापलं, जोडलं.

२८ सप्टें., रविवार
फुटलं.

नीट लिहिते. गेले चार दिवस पाऊस, मग नळीचा सांधा गळत होता, मग पंप उलटा फिरत होता. आज दुपारी सगळं जमलं. दांडा मी धरला. जॅक इतका हळू सरकला की काका म्हणाले, तोवर चहा होईल. बाभळीचं खोड फाळाला टेकलं, फाळ आत शिरला, आणि मग एक आवाज. ढेकूळ फुटल्यासारखा, पण लांबलचक. दोन फाका दोन बाजूंना.
आई म्हणाली, "अगं, घामच न्हाई आला कुणाला."
अण्णांनी फाक उचलून वास घेतला. दुसऱ्या खोडाला ते स्वतः दांड्याशी आले. खांदा जागचा हलला नाही. मी फक्त खांद्याकडेच बघत होते.
शिकले ते कशासाठी, हे आज कुणी विचारलं असतं तर या दोन फाका दाखवल्या असत्या.

१ ऑक्टो., बुधवार. खंडेनवमी
सकाळी मागच्या दाराने येऊन बघते तर ओसरीत सगळी अवजारं धुऊन मांडलेली. कुऱ्हाड, खुरपी, विळे, पहार, आणि मधोमध माझं मशीन. झेंडूची माळ घातलेलं. हळद-कुंकू फाळावर, दांड्यावर, जॅकवर. आमच्या घरात त्याला अवजारांत घेतलं.

मग तेलाच्या टाकीकडे लक्ष गेलं. तिला झाकण मिळालं नव्हतं म्हणून फडकं बांधलं होतं. फडकं शेजारी वाळत घातलेलं.
आई कौतुकाने म्हणाली, "लय मळलं व्हतं. आतून बी धुतलं. दोन तांबे पाणी वतलं तरी वर तेलकटच यायलंय."

तेलात पाणी. तिने सगळ्यांत जास्त जीव लावून हेच धुतलं होतं.
इंजिन लावून बघते म्हटलं. अण्णांनी अडवलं. पूजेला बसलेल्या अवजाराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, तेसुद्धा विसावा घेतं. कोजागिरी सहाला आहे, मी सांगितलं. म्हणाले, "देवीला बी कॅलेंडर हाय."
त्यांची कुऱ्हाड धार लावलेली दिसली. कधी लावली?

२ ऑक्टो., गुरुवार. दसरा
आपट्याची पानं वाटत गावभर हिंडले. मन ओसरीत. तात्या भंडाऱ्याचं सगळं बघतात, त्यांनी पान देता देता विचारलं, यंदा लाकूड दुसऱ्या कुणाला सांगू का. अण्णा नाही म्हणाले. कशाने फोडणार ते बोलले नाहीत.

३ ऑक्टो., शुक्रवार
उजाडताच टाकीच्या बुडाचा नट काढला. आधी निव्वळ पाणी. मग थोडं गढूळ. मग मधासारखं स्वच्छ तेल. नट पटकन बसवला आणि तिथेच फतकल मारून हसत बसले.

दोन दिवस कुणी हात लावला नाही म्हणून पाणी शांतपणे खाली बसलं. परवा मी इंजिन लावलं असतं तर पंपाने दोन्ही घुसळून तेलाचं ताक केलं असतं आणि ते जॅकभर गेलं असतं. अण्णांना हे समजावून सांगितलं. ते म्हणाले, "मंग? विसावा म्हणत हुतो ते काय?"
आईला काही सांगितलं नाही. गेल्या दिवाळीच्या लाडवांच्या डब्याचं झाकण टाकीला बरोबर बसलं.

५ ऑक्टो., रविवार
मशीन बैलगाडीतून मंदिरामागे नेलं. अर्धं गाव जमलेलं. तात्या मध्ये उभे. धुराची तक्रार केली, आवाजाची केली, मग मुद्द्यावर आले. "मान हाताचा असतो. इंजनानं फोडलं तर सेवा कुणाची म्हनायची?"

अण्णा कुऱ्हाड घेऊन पुढे आले. पहिल्या खोडावर त्यांनी नुसतं पातं टेकवलं, नमस्कार केला आणि कुऱ्हाड बाजूला ठेवली. मग तात्यांना म्हणाले, "लेकीची म्हना. ती बी ह्याच घरची हाय."

तात्यांनी नारळ माझ्या हातात दिला.

अण्णा दांड्यावर, काका आणि पोरं खोडं लोटायला, मी तेलाकडे आणि नळ्यांकडे. बाभळी एकामागून एक फुटत गेल्या. बायकांचं फाका रचणं थांबेना. फक्त शेवटचं चिंचेचं खोड, सगळ्या अंगाने गाठी. फाळ आत रुतला, इंजिन दबलं आणि बंद पडलं. खोड कसंबसं मागे ओढलं. तात्या खूश. म्हणाले, "घ्या, देवीनं एक राखून ठेवलं."
अण्णा त्या खोडाकडे बघत राहिले.

७ ऑक्टो., मंगळवार
काल भंडारा पार पडला. आचारी म्हणाला, एवढ्या सारख्या फाका आयुष्यात पाहिल्या नाहीत. हे मी तीन जणांना सांगितलं. आईने त्याहून जास्त.

आज दुपारी चुडाव्याहून फोन. त्यांच्याकडे लग्नाचं लाकूड आहे, मशीन आणाल का. अण्णा म्हणाले, "विचारून सांगतो," आणि फोन ठेवून माझ्याकडे आले. तू पुण्याला गेल्यावर हे माझ्याच्यानं चालंल का, असं विचारलं. चालेल म्हटलं. मनापासून म्हटलं.

संध्याकाळी बाहेर आले तर चिंचेचं खोड अंगणात. काकांकडून गाडीत घालून आणवलंय. शेजारी बसून अण्णा कुऱ्हाडीचा जुना दांडा काढून नवा बसवत होते.
"हे कशाला?"
"दांड्याबिगर कुऱ्हाड बरी दिसत न्हाई."
मी तिथेच बसले. अण्णा म्हणाले, तेल किती तापलं की मशीन थांबवायचं, ते पुन्हा एकदा सांग. टाकीला हात लावून कसं ओळखायचं ते सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं, मध्ये दोन प्रश्नही विचारले. ऐकताना डाव्या हाताने कुऱ्हाडीच्या नव्या दांड्याला गोडं तेल चोळत होते, नजर चिंचेच्या खोडावर.